उकिरड्याला भोकं हवीत

पहिल्या वर्षी मी खताचं टाकं मार्चअखेर भरलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात फोडलं. वरचा शेणमातीचा लेप कुदळीनं उचकटला, आत हात घातला, तर पळसाची पानं हाती आली. जशीच्या तशी, शिरा मोजून घ्याव्यात अशी. काड्या टोचल्या असत्या तर त्याच पानांची पत्रावळ झाली असती. अधूनमधून शेणाच्या कडक खापऱ्या. माय बाजूला उभी राहून पाहत होती. म्हणाली, "काय बा, खत करून राह्यला होता का गोवऱ्या?"

टाकं नीट बांधलं होतं, थरही नीट दिले होते. भरताना पाणी मारलं आणि पुढे लग्नसराईत तिकडे फिरकलोच नाही, एवढीच चूक. आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो. त्या उन्हात टाक्यातली ओल महिनाभरात उडाली आणि काम तिथंच बंद पडलं. पुढचा महिनाभर ते टाकं नुसतं उन्हात उभं होतं.

आपण म्हणतो, खत "होतं". जसं काही ते आपलं आपण होतं. पण कुजणं म्हणजे खाणं. कोणीतरी तो कचरा खातं, पचवतं, आणि मागे जे उरतं ते खत. खाणारे दिसत नाहीत म्हणून आपण त्यांना विसरतो. ग्रॅमभर चांगल्या मातीत जिवाणूंची संख्या अब्जाच्या घरात जाते. त्यांच्या जोडीला बुरशी, आणि पांढऱ्या धाग्यांसारखे दिसणारे ॲक्टिनोमायसीट्स. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो याच गटातल्या जिवाणूंनी मातीत तयार केलेल्या द्रव्याचा. पिकलेल्या खतालाही तोच वास येतो. नाकानं खत ओळखणारी जुनी माणसं चुकत नसत, ती यामुळेच.

या खाणाऱ्यांना लागतं काय? अन्न, ओल आणि हवा. तीनही गोष्टी बेतात.

अन्नाचं गणित बेसन-भाकरीवरून सांगतो. वाळलेली पानं, कुटार (भुसा), कडब्याचे धसकट, पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुराटी (तुरीच्या काड्या) यांत कर्ब, म्हणजे कार्बन, भरपूर. ती त्यांची भाकर, त्यातून त्यांना ताकद मिळते. शेण, हिरवा पाला, भाजीचे देठ, साली यांत नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त. ते बेसन, त्यावर त्यांचं अंग वाढतं. कोरड्या भाकरीचे घास किती गिळणार? आणि नुसतं बेसन वाटीवाटीनं खाल्लं तर पोटाचं काय होतं हे सांगायला नको. ढिगाचंही तेच. नुसता वाळला कचरा टाकला तर तो वर्षभर पडून राहतो. नुसता ओला टाकला तर त्यातून गॅस सुटतो. नाकाला झोंबणारा तो वास अमोनियाचा असतो आणि अमोनिया म्हणजे आपलं नत्र, हवेत उडून चाललेलं.

शास्त्रात याला कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात. नत्र एक भाग धरलं तर कर्ब २५ ते ३० भाग असावा, मग कुजणं झपाट्यानं होतं. शेणात हे प्रमाण साधारण २० ते २५ असतं, भाजीपाल्याच्या कचऱ्यात १५ ते २०, वाळल्या पानांत ५० च्या वर, गव्हांड्यात (गव्हाच्या काडात) ८० च्या आसपास, आणि लाकडाच्या भुशात थेट काही शेकडा. आरा मशीनवरचा भुसा फुकट मिळतो म्हणून पोतंभर आणून ढिगात ओतणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. रोजच्या कामाला एवढं गणित लागत नाही. एक घमेलं ओलं टाकलं की वर दोन-अडीच घमेली कोरडं टाकायचं. झोंबरा वास आला तर कोरडं वाढवायचं, ढीग गार आणि निपचित पडला तर ओलं.

ओलीची परीक्षा मुठीत आहे. आतला माल मूठभर घेऊन घट्ट दाबायचा. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर बेस. धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला तर कमी. माझ्या त्या टाक्यातल्या मालाचा गोळा सोडा, पानांचा चुराही होत नव्हता.

राहिली हवा, आणि आपल्याकडचं सगळं अडतं ते इथं.

गावातला उकिरडा डोळ्यांसमोर आणा. रोज सकाळी गोठ्यातलं शेण टोपल्यानं त्यावर पडतं. चुलीची राख, अंगणाची झाडलोट, गव्हाणीतलं उरलंसुरलं, आणि हल्ली गुटख्याच्या पुड्या. वरचा थर उन्हानं करपतो. आतलं शेण दाबून दाबून इतकं घट्ट बसतं की हवेला शिरायला फट नाही. हवा नसली तरी कुजणं पूर्ण थांबत नाही, पण मग ते काम दुसऱ्या जातीचे जिवाणू करतात, ज्यांना हवा चालत नाही. ते सावकाश खातात आणि घाण वास सोडतात. मृग लागला की पाऊस त्या ढिगातून पाझरतो आणि खालून चहासारखं काळं पाणी नालीला लागतं. त्या पाण्यातच नत्र आणि पालाश विरघळून जातं. ते नालीत सोडून पुढच्या उन्हाळ्यात उरलेला चोथा बंडीत भरून आपण वावरात नेतो. वर्षभर ठेवूनही उकिरडा खोदला की शेणाचे पोहोटे ओळखू येतात आणि त्यांत हुमणीच्या पांढऱ्या जाड अळ्या वळवळत असतात. अर्धवट कुजलेलं शेण म्हणजे त्यांचं माहेर.

तेव्हा शेण आहे, काडीकचरा आहे, माणसं आहेत, पण ढिगाला श्वास घ्यायला वाट नाही. या दुखण्यावरचा एक फार चांगला उपाय आपल्याच जिल्ह्यात निघाला याचा मला अभिमान आहे, थोडा जास्तच असेल.

पण आधी इंदूरला जाऊन येऊ. तिथे १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी, यशवंत वाड यांच्या सोबतीनं, काडीकचरा आणि शेणाचं खत करण्याची पद्धत बसवली. तो मुलूखही आपल्यासारखा, काळ्या मातीचा आणि कापसाचा. ढिगात हवा जावी म्हणून ते ढीग ठरावीक दिवसांनी खालीवर करत. पऱ्हाटी-तुराटीसारखा टणक माल आधी शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकाखाली चिरडू देत, मग ढिगात घेत. हा दुसरा भाग मी जसाच्या तसा उचलला आहे. पांदणीवर पऱ्हाटी अंथरली की येणारे-जाणारे ट्रॅक्टर फुकटात काम करून देतात. लोक हसतात, हसोत. पद्धतीची अडचण मेहनतीची. टनावारी माल दोन-तीनदा पलटायला मजूर लागतात, आणि निंदण-डवरणीच्या दिवसांत मजूर खतासाठी कोण लावणार?

पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती मेहनतच काढून टाकली. नारायणचा ना, देवरावचा दे, पांढरीपांडेंचा प, म्हणून "नादेप", लोकांच्या तोंडी "नाडेप". नाव सरकारी योजनेसारखं वाटतं, पण ते पुसदच्या एका माणसाचं आहे. त्यांचं टाकं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, जमिनीवर बांधलेलं. चारही भिंतींत विटांच्या मधून भोकं सोडलेली. झालं. ढीग पलटायची गरज नाही, हवा भिंतीतून आत जाते. गवंड्याला सांगताना मात्र दोनदा सांगावं लागतं. आमचा गवंडी पहिल्या दिवशी संध्याकाळी भोकं बुजवून, वरून सिमेंट मारून, "काम पक्कं करून देलं" म्हणून गेला होता.

भरायची रीत अशी. सहा इंच काडीकचऱ्याचा थर. त्यावर चार-पाच किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं. त्यावर चाळलेली माती, ५०-६० किलो. मग परत कचरा. असे अकरा-बारा थर, टाक्याच्या वर दीड फूट शीग येईपर्यंत, आणि शेवटी शेणमातीचा लेप. सगळं एक-दोन दिवसांत उरकायचं. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो, मग वरून पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. लेपाला भेग गेली की बुजवायची आणि भोकांतून पाणी शिंपडत राहायचं. तीन ते चार महिन्यांत एका टाक्यातून अडीच-तीन टन खत निघतं.

यात शेण किती लागलं? सगळं मिळून शंभर किलोच्या आत. एक जनावर दिवसाला दहाएक किलो शेण देतं असं धरलं तर बैलजोडीचं चार-पाच दिवसांचं. कचरा मात्र १४००-१५०० किलो, माती वेगळीच. जनावरं कमी झाली, आता शेणखत कुठून आणायचं, हे रडगाणं मीही गायलो आहे. पण इथं शेण विरजणासारखं आहे. विरजण वाटीभरच लागतं, दूध हंडाभर. आपल्याकडे ते दूध, म्हणजे काडीकचरा, धुऱ्यावर (बांधावर) पडलेलं असतं आणि आपण त्याला काडी लावतो.

माती कशाला, असं मायनं विचारलं होतं. "माती घालून मातीच काढणार का?" काळ्या मातीचे बारीक कण अमोनियाला धरून ठेवतात, उडू देत नाहीत. ओल टिकवतात. आणि खाणाऱ्यांची पहिली पिढी मातीतूनच येते.

ज्यांच्याकडे दोन जनावरं आणि एवढी जागा नाही त्यांनी टाक्याच्या भानगडीत पडू नये. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच एवढा ढीग पुरतो. त्याहून लहान नको, कारण लहान ढिगात ऊब टिकत नाही. सिमेंटही नको. सुट्या विटा फटी सोडून रचा, नाहीतर मी करतो तसा तुराट्यांचा कुड गोल विणून उभा करा. कुडाला भोकं पाडावी लागत नाहीत. वर्षभरात तो मोडकळीला येतो, मग तोच चिरडून पुढच्या ढिगात टाकायचा. तळाला जाड काड्या वीतभर. त्यावर पानं, बैलांनी गव्हाणीत सोडलेलं कुटार, शेणकाला, थोडी माती. स्वयंपाकघरातलं रोजचं सालपट टाकलं की वरून ओंजळभर कुटार पसरायचं, माश्या येत नाहीत. महिन्याला एकदा खालीवर करायचं, एवढ्याशा ढिगाला अर्धा तास लागतो.

ढीग नीट जमला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गमत पाहायला मिळते. एक लोखंडी सळई मध्यात खुपसून ठेवा आणि दहा मिनिटांनी ओढून हात लावून पाहा. चटका बसतो. आत ५५ ते ६० अंशांपर्यंत ऊब चढते. ती ऊब खाणाऱ्यांच्या खाण्याचीच. या तापात रोगजंतू मरतात, तणाचं बीही मरतं. पण फक्त मध्यात. कडेचा माल इतका तापत नाही, म्हणून फुलावर आलेलं गाजरगवत ढिगात घालू नये. फुलायच्या आधी उपटलेलं खुशाल घाला, हिरवं खाद्य म्हणून ते उत्तम आहे.

खड्डा की ढीग, हा वाद गावोगाव होतो. मी भारी काळ्या जमिनीत खड्ड्याच्या विरोधात आहे. पावसाळ्यात ती माती फुगते, पाणी झिरपू देत नाही, आणि जुलैत खताच्या खड्ड्याची विहीर होते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळून सगळी ओल पिऊन टाकते. गोंदिया-गडचिरोलीकडे पाऊस भरपूर, तिथे तर जमिनीवरच ढीग लावावा आणि वर छप्पर घालावं. बुलडाणा-अकोल्याकडे मुरमाड जागा असेल तर फूटभर खोल चालेल. कुठेही असो, झाडाची सावली हवी. मी दुसऱ्या वर्षीपासून कडुनिंबाखाली गेलो आणि मार्चऐवजी सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे भरायला लागलो. हिवाळ्यात पाणी कमी उडतं, कचराही तेव्हाच हाताशी असतो.

आता दोन-तीन गोष्टी ज्या ढिगात जाता कामा नयेत. पहिली राख. चुलीची राख उकिरड्यात टाकायची आपली पिढीजात सवय, पण राख अल्कधर्मी असते. ती शेणाला लागली की नत्र अमोनिया होऊन उडतं. आपली काळी जमीन आधीच त्या बाजूला झुकलेली, तिला आणखी राख नकोच. मायला हे पटवायला मला एक पावसाळा लागला. शेवटी दोन वाट्यांत शेण घेतलं, एकीत मूठभर राख कालवली, ओली करून झाकून ठेवली आणि तासाभरानं तिला दोन्हींचा वास घ्यायला लावला. त्या दिवसापासून राख भांडी घासायला. दुसरं, नुकतंच तणनाशक मारलेलं गवत. काही औषधं कुजतानाही लवकर मोडत नाहीत आणि पुढं वांगी-टमाट्याच्या रोपांना भोवतात. तिसरं, मटणाची हाडं. ढिगाला त्यांचं वावडं नाही, पण रात्री गावातली सगळी कुत्री ढीग उकरायला येतात.

पऱ्हाटीबद्दल वेगळं सांगायला हवं. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर नाहीतर घरामागे सरपणासाठी रचतात. तिच्यावरच्या न फुटलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुस्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. म्हणजे ती गंजी अळीची धर्मशाळा आहे. श्रेडर भाड्यानं मिळत असेल तर पऱ्हाटीचा भुगा करून ओला करावा आणि थरांत घ्यावा. बोंडं भुग्यात चिरडतात, उरल्यासुरल्या अळ्यांना ढिगाचा ताप पुरतो. नाही मिळालं तर पांदण आहेच.

खत झालं हे कसं ओळखायचं? रंग काळपट-तपकिरी, हाताला भुसभुशीत, वास मातीचा. पान, काडी, शेण यांतलं काही ओळखू येत नाही. ढीग निम्म्याहून खाली बसलेला आणि पाणी मारून पलटला तरी परत तापत नाही. शंका असेल तर वाटीत खत घेऊन मेथीचे दहा दाणे पेरा. आठ-नऊ तरारून आले तर खत पिकलं. कच्चं खत वावरात घातलं तर उरलेलं कुजणं तिथं चालू होतं, आणि खाणारे आपलं बेसन मातीतून, म्हणजे पिकाच्या ताटातून उचलतात. पीक पिवळं पडतं. मग आपण म्हणतो खतानं काही झालं नाही. वर अशा कच्च्या मालाला उधई लागते ती वेगळीच.

सांदवाडीतल्या वांगी, मिरची, भेंडीला रोपामागं ओंजळ-दोन ओंजळी, बुडाला न चिकटवता, वितभर अंतरावर मातीत कालवून. कुंडीत दोन भाग माती, एक भाग खत. नुसती काळी माती कुंडीत दगड होते, खत घातल्यावर तिचे रवे सुटतात आणि मुळांना वाट मिळते. वावरात टाकायचं तर वेळ महत्त्वाची. अक्षय तृतीया झाली की लोक बंडीनं खत नेऊन वावरात छोटे छोटे ढीग घालतात आणि ते महिनाभर उन्हात तसेच पडून राहतात. एवढ्या निगुतीनं वाढवलेले जीव त्या तव्यावर भाजून निघतात. खत न्यायचं पेरणीच्या तोंडावर, पसरायचं सकाळी, आणि त्याच दिवशी वखर फिरवून झाकायचं.

एक हिशोब मात्र उघड मांडायला हवा, कारण सेंद्रियवाले मित्र तो टाळतात. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २१ किलो. टक्काभर नत्राचं चांगलं कंपोस्ट घेतलं तर तेवढ्या नत्रासाठी दोन टन लागतं, आणि तेही पहिल्या हंगामात सगळं मिळत नाही, हळूहळू सुटतं. म्हणून एका टाक्याच्या जोरावर दहा एकर कपाशीचा युरिया बंद करायला निघू नये. युरियात जे नाहीच, ते इथं मिळतं, सेंद्रिय कर्ब. माती तपासणीच्या कागदावर तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी समजतात, आणि आपल्याकडचे बरेच कागद त्याच्या खालीच निघतात. कर्ब वाढला की माती पाणी धरते, आणि कोरडवाहू कपाशीला ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडात त्या चार दिवसांच्या ओलीची किंमत कळते. मी माझं खत सगळ्या वावरात चिमूट चिमूट उधळत नाही. दरवर्षी एकच पट्टा धरतो, तिथं भरपूर घालतो, पुढच्या वर्षी शेजारचा.

टाकं रिकामं करताना एक टोपलं खत सावलीला, ओल्या बारदान्याखाली काढून ठेवतो. पुढच्या भरणीला ते शेणकाल्यात कालवायचं असतं. गेल्या दिवाळीत ते टोपलं सापडेना. सांदवाडीत गेलो तर मायनं ते कढीपत्त्याच्या आळ्यात ओतून टाकलं होतं आणि वर पाणी घालत होती. विचारलं तर म्हणाली, "तू दुसरं करशीन ना बापा."